पहिला ऐकलायस का?

सायकेडेलिक आणि अल्टरनेटिव्ह रॉकचा दर्दी ओळखायला त्याचे वाढलेले केस किंवा खोलीतली पोस्टरं बघावी लागत नाहीत. त्याच्यासमोर एखाद्या बँडचं नाव जरा आनंदानं घ्यावं आणि वाट बघावी. तो आधी किंचित हसतो. मग बाहेरगावच्या पाहुण्याला खरी मिसळ कुठं मिळते ते सांगणाऱ्या पुणेकराच्या दयाळूपणानं विचारतो, "पहिला ऐकलायस का त्यांचा?" ऐकला नसेल तर पुढचं संभाषण म्हणजे शिकवणी. ऐकला असेल तर तो त्याआधीच्या एखाद्या डेमो टेपकडे सरकतो. लोकांना वाटतं, हा माणूस अल्बमवर मत देतोय. माझं म्हणणं असं, की तो मत देतच नाही, तारीख देतो. अल्बम कसा आहे, यापेक्षा बाकीची गर्दी तिथं पोचायच्या आधीचा आहे की नंतरचा, एवढंच त्याला बघायचं असतं.

पुरावा पिंक फ्लॉइडचा घ्या. 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम 1973 साली आला आणि 1988 पर्यंत अमेरिकेच्या 'बिलबोर्ड'च्या यादीत 741 आठवडे ठाण मांडून होता. इतर कुणाला हे कौतुक वाटेल. आपल्या दर्दीच्या कोर्टात हे आरोपपत्र आहे. त्याचा जीव 1967 सालच्या 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'मध्ये अडकलेला असतो. त्यातली बहुतेक गाणी सिड बॅरेटची. बॅरेट 1968 साली बँडमधून गेला, आणि त्यानंतरचं सगळं फ्लॉइड या माणसाच्या लेखी कर्ता पुरुष गेलेल्या घरानं कसाबसा चालवलेला संसार आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या स्टॉलवर 'डार्क साइड'च्या लोलकाचा टी-शर्ट घेणाऱ्या कॉलेजकुमारांकडे तो ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं आजी सुनेच्या विकतच्या पुरणपोळ्यांकडे बघते. त्या लोलकातून निघणारे पट्टे तो मोजतोही. मूळ मुखपृष्ठावर ते सहाच आहेत. शाळेतल्या 'तानापिहिनिपाजा'मधला 'पा' तिथं नाही. त्यामुळे एखाद्या प्रामाणिक कारागिरानं पदार्थविज्ञानाला स्मरून सात रंग छापले, तर तो टी-शर्ट बनावट ठरतो. निसर्ग चुकू शकतो, मुखपृष्ठ नाही.

टेम इम्पालाच्या बाबतीत तर प्रकरण थेट पक्षनिष्ठेवर जातं. पर्थचा केव्हिन पार्कर जवळजवळ सगळी वाद्यं स्वतःच वाजवून, स्वतःच ध्वनिमुद्रण करून अल्बम बनवतो. 2010 सालचा 'इनरस्पीकर' आणि 2012 सालचा 'लोनरिझम' यांत गिटारी पाण्याखाली वाजवल्यासारख्या वाटतात. 2015 साली 'करंट्स' आला, गिटारीच्या जागी सिंथेसायझर बसले, ठेका नाचण्याजोगा झाला, आणि जग नाचलंही. आपल्या माणसानं मात्र सुतक पाळलं. वास्तविक माणूस तोच, एकट्यानं खोलीत बसून काम करायची पद्धतही तीच, फक्त हत्यारं बदलली. पण 'करंट्स'बद्दल बोलताना याचा आवाज ऐकावा: नेता रातोरात दुसऱ्या पक्षात गेल्यावर सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचा घसा असाच बसतो.

या सिद्धांताला अडचणी येतात, हे खरं. रेडिओहेडचा पहिला अल्बम 'पाब्लो हनी', 1993 सालचा. पहिलाच तो श्रेष्ठ, या नियमानं त्याची पूजा व्हायला हवी. पण त्यातलं 'क्रीप' जगातला प्रत्येक गिटार शिकणारा पोरगा वाजवतो, म्हणजे प्रसाद उष्टा झालेला. मग दर्दी ठरवतो, की रेडिओहेडची मोजणी 1995 सालच्या 'द बेंड्स'पासून करायची. फ्लेमिंग लिप्सचा 'द सॉफ्ट बुलेटिन' 1999 साली आला तेव्हा तो त्यांचा नववा अल्बम होता. तिथं तो म्हणतो, आधीचा गिटारवादक गेल्यावर हा मुळी नवाच बँड झाला. चंद्राचं आणि सूर्याचं गणित जुळेना तेव्हा आपल्या पंचांगकर्त्यांनी अधिक महिना काढला; याचंही तसंच. वर्षं पुढंमागं होतील, सण मात्र ठरल्या दिवशीच येतो.

कुणी म्हणेल, याला एवढं तत्त्वज्ञान कशाला, ही शुद्ध शिष्टपणाची केस आहे. चार लोकांना आवडतं ते याला आवडत नाही, संपलं. यात तथ्य आहे. 'अल्टरनेटिव्ह' या शब्दाचीच गंमत बघा. निर्व्हानाचा 'नेव्हरमाइंड' सप्टेंबर 1991 मध्ये आला आणि जानेवारीत त्यानं मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला यादीच्या शिखरावरून खाली ढकललं. ग्रॅमीवाल्यांनी तर त्याआधीच या प्रकाराला स्वतंत्र पारितोषिक सुरू केलं होतं. पर्यायच गादीवर बसला, तर तो कशाला पर्याय, या प्रश्नावर आपला माणूस हेडफोन चढवतो. पण निव्वळ शिष्टपणानं त्याच्या कष्टांचा हिशोब लागत नाही. शिष्टाला नावं पाठ असली की पुरतं. हा मात्र माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' पुन्हा पुन्हा ऐकतो. 1991 सालच्या या अल्बममध्ये गिटारीचा ट्रेमोलोचा दांडा हातात धरूनच तारा छेडल्यात, त्यामुळे सूर सतत डुलतो, आणि गाणाऱ्यांचे आवाज त्या गजरात पुरलेले आहेत. पहिल्यांदा ऐकताना शेजारच्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू आहे आणि आपली कॅसेट ताणली गेलीय, असं एकाच वेळी वाटतं. पाचव्या-सहाव्या वेळी त्या गोंगाटातून चाल वर येते. या मंडळींचा पुढचा अल्बम यायला 2013 साल उजाडलं. मधली बावीस वर्षं 'लव्हलेस' कानोकानी कुणी फिरता ठेवला? वेल्वेट अंडरग्राउंडचा केळ्याच्या चित्राचा 1967 सालचा अल्बम निघाला तेव्हा फारसा कुणी विकत घेतला नव्हता. आज त्याच्यावाचून श्रेष्ठ अल्बमांची यादी पुरी होत नाही. पहिल्या ऐकण्यात दाद न मिळणाऱ्या गोष्टींना दुसऱ्यांदा ऐकणारा कुणीतरी हट्टी लागतो. याचा निवाडा बहुधा चुकलेला असतो. चिकाटी मात्र अस्सल असते. (सायकेडेलिक हा शब्द ऐकून पालकांनी बिचकू नये. बहुतेकांची मजल अमृततुल्यच्या तिसऱ्या कपापुढं जात नाही.)

दुसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: आपल्याकडे एवढं गाणं असताना हे काय ऐकायचं? यावर त्याच्याकडे तयार उत्तर असतं. बीटल्सच्या 1966 सालच्या 'रिव्हॉल्व्हर'मधलं शेवटचं गाणं तंबोऱ्याच्या नादावर उभं आहे. त्याच अल्बमच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत असं नाव छापलंय. जॉर्ज हॅरिसन तर जानेवारी 1968 मध्ये मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन 'वंडरवॉल म्युझिक'चं ध्वनिमुद्रण करून गेला, संतूर शिवकुमार शर्मांचं. उत्तर बरोबर आहे, पण जरा उथळ आहे. खरं नातं तंबोऱ्यात नाही, श्रोत्यात आहे. गाण्याच्या बैठकीत कोपऱ्यात बसून "बुवांचं उमेदीतलं ऐकायला हवं होतंत तुम्ही" असं हळहळणारे आजोबा आणि हा नातू एकाच गादीचे वारस आहेत. समोर चाललेलं गाणं दोघांनाही थोडं उशिराचंच वाटतं. फरक इतकाच, की आजोबांचे उमेदीतले बुवा पडताळून पाहता येत नाहीत. नातवाचा पहिला अल्बम मात्र कुणीही आज रात्री लावून बघू शकतो, आणि तो कधीकधी खरोखरच कच्चा निघतो.

त्याच्या सगळ्या हिशोबाला पुरून उरणारा एक अल्बम आहे आणि तो त्याच्याच देव्हाऱ्यातला आहे. फ्लेमिंग लिप्सचा 1997 सालचा 'झायरीका'. चार सीडी, चार वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लावायच्या. कुठलीही दोन यंत्रं अगदी सारख्या वेगानं चालत नाहीत, म्हणून दर खेपेला गाणी वेगळी जुळतात किंवा जुळत नाहीत. तेव्हा पहिलं ऐकणं कुठलं, हे ठरणारच नाही. शिवाय एकट्याला चार बटणं दाबता येत नाहीत. माळ्यावरून जुने सीडी प्लेयर उतरवायचे आणि तीन माणसं बोलवायची. बोलवणार कुणाला? 'करंट्स'वर नाचणारी मावसबहीण, अडीच वर्षं 'क्रीप' शिकणारा खालच्या मजल्यावरचा पोरगा, आणि सात रंगांचा टी-शर्ट घातलेला त्याचा मित्र. हा मधोमध उभा राहून "एक, दोन, तीन" म्हणतो, आणि टी-शर्टवाल्याचं बोट अर्धा सेकंद उशिरा पडतं.