प्रमुख पाहुण्यांचा फुटबॉल

ऑटोवाल्याला 'आंबेडकर स्टेडियम' म्हणालो आणि त्याने मला बस टर्मिनलवर आणून सोडलं. दोष त्याचा नाही. दिल्ली गेटजवळच्या त्या टर्मिनलचं नावच तसं आहे. तिथून माणसं रोज आपापल्या घरी जातात, स्टेडियमात मात्र फारसं कुणी जात नाही. 'भैया, मैच देखना है,' असा खुलासा केला, तेव्हा त्याचा चेहरा उजळला आणि त्याने ऑटो शेजारच्या कोटलाच्या फाटकाशी नेली. दिल्लीत मॅच म्हणजे क्रिकेट. 'फुटबॉल' म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी औरंगजेबाच्या घरचा पत्ता विचारतोय.

त्याच रात्री अमेरिकेतून भाच्याचा फोन आला. तो नेब्रास्कात शिकतो आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉलचं सुतक पाळतो. त्यांचा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त खेळतात, तो भाग सोडा. 'मामा, आमचं वाटोळं झालं. १९७०, ७१, ९४, ९५, ९७, पाच वेळा देशात अजिंक्य होतो आम्ही. १९९९ नंतर आमच्या गटाचं साधं जेतेपद नाही मिळालं.'

'मग मैदान ओस पडलं असेल?'

'छे! १९६२ पासून घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटं खपतात. पंच्याऐंशी हजार माणूस लाल कपडे घालून रडायला येतो. २०२२ च्या सप्टेंबरात प्रशिक्षकाला काढला, तेव्हा त्याला दीड कोटी डॉलर द्यावे लागले. तीन आठवडे कळ काढली असती तर निम्म्यात भागलं असतं. पण धीर कुणाला होता!'

मला हसू आवरेना. संघ हरला म्हणून एवढा आकांत? बाळा, मामाकडे दिल्लीला ये. इथे संघाचा ऱ्हास कसा शिस्तीत, शासकीय पद्धतीने होतो, ते बघ.

संतोष ट्रॉफीची पहिली अंतिम लढत झाली १९४१ मध्ये. बंगालसमोर दिल्ली होती आणि दिल्ली ५-१ अशी हरली. त्याचं उट्टं १९४४ मध्ये निघालं. त्याच बंगालला २-० ने हरवून दिल्ली राष्ट्रीय विजेती झाली. आजवरची ती पहिली आणि शेवटची वेळ. पुढे स्वातंत्र्य मिळालं, शहराला देशभराच्या बक्षीस समारंभांची जबाबदारी पेलावी लागली आणि खेळायला सवड उरली नाही. बक्षीस देणाऱ्याने रांगेत उभं राहून बक्षीस घ्यायचं, हे शिष्टाचारात बसतं का?

ड्युरँड कपचंच घ्या. आशियातली ही सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याच्या थंड हवेत सुरू झाली. ज्याच्या नावाची ती, त्या सर मॉर्टिमर ड्युरँडने पाच वर्षांनी अफगाणिस्तानच्या सीमेवर एक रेघही ओढली. रेघेवरून अजून गोळीबार होतो. कप मात्र १९४० मध्ये दिल्लीला आला आणि त्याच वर्षी कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटच्या गोऱ्यांना २-१ ने हरवून तो नेला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय संघ. दिल्लीकरांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्याने यावं, जिंकावं आणि घरी जावं, याची या शहराला जुनी सवय आहे. आमचे बाजीराव १७३७ मध्ये तालकटोऱ्याला तळ देऊन, अंगावर आलेल्या मोगल फौजेला झोडपून असेच परत गेले होते. त्याच तालकटोऱ्यात २०२५ मध्ये अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हा व्यासपीठावर कोण बसणार याची जेवढी चर्चा झाली, तेवढी पुस्तकांची झाली असती तर प्रकाशक आज सुखात असते. म्हणजे आम्हीही दिल्लीत येऊन दिल्लीचेच झालो.

ड्युरँड कप २०१४ मध्ये गोव्याला गेला, २०१६ मध्ये घरी आला आणि २०१९ पासून कोलकात्यात नांदतो आहे. या स्पर्धेत विजेत्याला एक नाही, तीन-तीन करंडक मिळतात. त्यातला एक थेट राष्ट्रपतींच्या नावाचा. राष्ट्रपती दिल्लीत, करंडक कोलकात्यात. शहरात कुणाला चुकल्यासारखं वाटलं म्हणावं, तर कुणाचा निषेधाचा एक फलकही दिसला नाही. पार्किंगची जागा गेली असती तर मोर्चा निघाला असता.

डीसीएम ट्रॉफीची कथा गिरणगावच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. दिल्ली क्लॉथ मिल्सने १९४५ मध्ये स्पर्धा सुरू केली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेहरानचा ताज क्लब इथे येऊन जिंकून गेला. मग गिरणीचे भोंगे थांबले, त्यामागून नव्वदच्या दशकात स्पर्धाही थांबली. मुंबईकरांनी मात्र गालात हसू नये. १८९१ चा रोव्हर्स कप त्यांनीही असाच हरवला आहे आणि राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला, तेव्हा तर ढोलताशेही नव्हते.

कॉलेजांचं म्हणाल, तर सेंट स्टीफन्स आणि हिंदू ही समोरासमोरची दोन कॉलेजं क्रिकेटसाठी एकमेकांवर दात ओठ खात. अरुण लाल आणि कीर्ती आझाद स्टीफन्सचे. रामचंद्र गुहांनीही इतिहासाकडे वळण्यापूर्वी तिथे ऑफस्पिन टाकली. आता हातात बॅट असलेला मुलगा कॉलेजच्या फाटकाकडे न बघता थेट लिलावाच्या टेबलाकडे धावतो. कॉलेजात उरला तो कोटा. क्रीडा आणि सांस्कृतिक मिळून पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा. प्रवेशाच्या दिवसांत विद्यापीठ परिसरात सर्वांत चपळ हालचाल असते ती प्रमाणपत्रांच्या फायली घेतलेल्या पालकांची. खेळाडूचं प्रमाणपत्र तयार झालं की खेळाडूची गरज संपते.

आणि मैदानांना तर तोटाच नाही. जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलं, २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी कोट्यवधी ओतून पुन्हा सजवलं. तेव्हा बाहेरचा पादचारी पूल उद्घाटनाच्या आधीच कोसळला. पण त्यागराज स्टेडियमचा उपयोग त्याहून बहुविध. एका सनदी अधिकाऱ्याला कुत्र्यासह शतपावली करता यावी म्हणून खेळाडूंना लवकर बाहेर काढलं जातं, अशी बातमी २०२२ मध्ये आली. साहेबांची बदली लडाखला झाली आणि पत्नीची अरुणाचलला. कुत्रा कोणत्या संवर्गात गेला ते कळलं नाही. पण संध्याकाळी नेमाने मैदानावर येणारा असा दिल्लीकर पुन्हा मिळणे नाही.

संघ नसतो असंही नाही. २०१४ मध्ये दिल्ली डायनामोज आली. इटलीचा विश्वविजेता डेल पिएरो आणला. त्याने हंगामात एक गोल केला आणि सोबत फोटो काढणाऱ्यांचे उपकार मानून तो परतला. २०१९ मध्ये हा संघ भुवनेश्वरला जाऊन ओडिशा झाला. सुदेवा नावाचा क्लब आय-लीगमध्ये चढला आणि २०२३ मध्ये उतरला. २०२५ मध्ये हैदराबादचा संघ सामानसुमान घेऊन इथे आला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. थोडक्यात, इथे संघही प्रतिनियुक्तीवर येतात. तीन वर्षांचा कार्यकाळ, सरकारी निवासस्थान, मग मूळ केडरला परत.

स्थानिक लीगही चालू आहे. २०२४ मध्ये तिथल्या एका सामन्यातले दोन स्वयंगोल समाजमाध्यमांवर इतके फिरले की चौकशी बसली. बचावपटूंनी चेंडू ज्या सहजतेने आपल्याच जाळ्यात सोडला, ती पाहून मला क्षणभर वाटलं, खेळाचा कारभार इतक्या पारदर्शकपणे कुणीतरी पहिल्यांदाच समजावून सांगतो आहे.

दिल्लीतला खरा अटीतटीचा सामना मात्र द्वारकेत होतो. तिथे अखिल भारतीय महासंघाचं 'फुटबॉल हाऊस' आहे. आमच्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तिथे एक तपाहून अधिक काळ अध्यक्ष होते. मुदत २०२० च्या डिसेंबरात संपली, ते मात्र सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये समिती नेमेपर्यंत थांबले. जादा वेळेचा इतका पुरेपूर उपयोग आपल्या कुठल्या संघाने केलेला नाही. मग ऑगस्टमध्ये फिफाने भारताला अकरा दिवस बाहेर बसवलं आणि २ सप्टेंबरला निवडणूक झाली. उमेदवार होता बायचुंग भुतिया. सिक्कीमचा हा पोरगा १९९२ मध्ये सुब्रतो कपमध्ये सर्वोत्तम ठरला आणि देशाला सापडला. भारतीय फुटबॉलने घडवलेला मोठा खेळाडू भारतीय फुटबॉलच्या घरात उभा राहिला आणि ३३-१ असा हरला. एवढा एकतर्फी निकाल १९४१ च्या बंगाललाही जमला नव्हता.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मामा, पण हरल्यावर तुमच्याकडे रडतं कोण?'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिल्ली गेटला निघालो. या वेळी आधीच बजावलं, टर्मिनल नको, कोटला नको, फुटबॉलचं मैदान. ऑटोवाल्याने मान डोलावली, गिअर टाकला आणि कुतूहलाने विचारलं. कोण खेळतंय, हे नाही विचारलं. त्याने विचारलं, 'चीफ गेस्ट कौन है, साहब? वीआईपी हुआ तो रास्ता बंद मिलेगा।'