दोन शब्द आणि एक वाटा

ग्रीसचा वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात खडे धरून बोलायचा सराव करी, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो; लाटांच्या आवाजावर आवाज चढवी, असंही म्हणतात. मुंबईतल्या खारदांडा कोळीवाड्याला समुद्र फुकट, खडेही फुकट. तरी तिथल्या कोळणीचा पोरगा वक्तृत्वाची शिकवणी लावतो. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथवर गाडी सुसाट. पुढे घाम, आणि थेट ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’. (बहुतेकदा दोनच झालेले असतात.)

आई बाजारात पाटीमागे बसून, समोर अध्यक्ष नसताना, बोंबलाचा वाटा शंभरला सांगते. गिऱ्हाईक साठ म्हणतं. ती उत्तरच देत नाही. नुसती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते. पहिलं मुकाट्याने नव्वद काढतं. शेजारी पोरगा ‘प्रभावी संवादाची सूत्रं’ मोठ्याने घोकतोय.

‘गप रे,’ आई म्हणते, ‘धंद्याचा टायम हाय.’