टक्केवाला गोली

नांदेडला गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड-सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते, तेव्हा जाणते लोक अजूनही गोलरक्षक डोळ्यांनी बघून ठरवतात. पाय कसे हलले, पुढे कधी आला वगैरे. हे मागासलेपण किती दिवस चालवायचं? शेजारच्या लातूरने टक्क्यांवर पोरगं जोखायची रीत केव्हाच घालून दिलीय. तिकडे अमेरिका-कॅनडात बर्फावरच्या हॉकीतही गोलीला टक्केच मिळतात. अडवलेले फटके भागिले गोलवर आलेले फटके. डॉमिनिक हाशेकची अख्खी कारकीर्द ९२.२ टक्क्यांची!

तेव्हा आमची नम्र सूचना. बचावफळीने जरा बाजूला व्हावं. समोरच्यांना ‘डी’च्या काठावरून मिळमिळीत फटके मनसोक्त मारू द्यावेत. तीस अडवले, दोन सुटले, तरी ९३.७५. सामना गेला तर गेला, गोली मेरिटमध्ये! उलट ज्याच्या बचावफळीने एकच फटका येऊ दिला, तोही पेनल्टी स्ट्रोक, आणि तो आत गेला, त्याला शून्य. त्याने रिपीटर बॅचला बसावं.

निवड समितीपुढे सर्वांत निष्कलंक नाव मात्र राखीव गोलीचं आहे. पूर्ण स्पर्धा बाकावर, आणि एकही गोल खाल्लेला नाही. त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स छापायला गेलाय.