चपलेची चूक

अपघातात चूक कोणाची, हे आपल्याकडे चप्पल ठरवते. गाडीवाला म्हणतो, माणूसच मध्ये आला. माणूस आयसीयूत, तो काहीच म्हणत नाही. बघ्यांनी व्हिडिओ काढलेला असतो, पण साक्षीला या म्हटलं की एकेकाला नेमकी घाई आठवते. उरली चप्पल. ती कुठे जात नाही.

म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात तिचा थाट बघून घ्यावा. ‘डाव्या पायातील रबरी चप्पल, निळा पट्टा, जुनी वापरती, किंमत अंदाजे शून्य रुपये, झेब्रा पट्ट्यांपासून पूर्वेस सात फूट.’ गाडीबद्दल त्याच कागदावर इतकंच, की वाहतुकीस अडथळा नको म्हणून ती बाजूला घेतली आहे. ब्रेकच्या खुणा? दिसून येत नाहीत. दिसतील कशा, ब्रेक मारलाय कोणी? पण त्यावरून गाडीच्या वेगाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. सगळं तर्कशास्त्र चपलेसाठी राखून ठेवलेलं. सात फूट, म्हणजे झेब्रा पट्ट्यांवर नाही. पट्ट्यांवर नाही, म्हणजे जखमीचाही निष्काळजीपणा. निष्काळजीपणा, म्हणजे भरपाईतून तेवढे टक्के वजा. धडक बसली की चप्पल उडते, हे शाळकरी पोरालाही कळतं. विम्याच्या वकिलांच्या लेखी मात्र ती त्या गृहस्थांनी देवळाबाहेर काढावी तशी तिथे नीट काढून ठेवलेली असते. एका पायातलीच का काढली, हे विचारायचं नाही.

आणि ते पट्टे तरी आहेत कुठे? ते मोठ्या माणसाच्या दौऱ्याआधी एका रात्रीत उमटतात आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत फक्त निविदेत शिल्लक राहतात. जे पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्यापासूनचं अंतर टेपने मोजायची कला अवगत असलेली यंत्रणा जगात दुसरी नसावी.

टक्के वजा झाले की माणसाचा हिशेब. जीव गेला असेल तर वर्षाच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरेल त्याला वयाच्या गुणकाने गुणायचं. विशीपंचविशीला 18, छप्पन ते साठला 9, पासष्टीपुढे 5. हा तक्ता 2009 च्या एका निकालाने घालून दिला आणि आधीच्या गोंधळापेक्षा तो बराच म्हणायचा. पण गुणायला आधी उत्पन्न लागतं. भाजीवालीने सॅलरी स्लिप आणायची कुठून? गाडी पळून गेली असेल, तर सरकारी योजना आहेच : 2022 पासून मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. त्याआधी 25 हजार आणि साडेबारा हजार होते, तेव्हा कृतज्ञ राहा. खासगी दवाखाना 50 हजार अनामत म्हणून घेतो आणि उरलेल्याचं काय ते विचारतो.

‘पण ते गृहस्थ मुळात रस्त्यावर उतरलेच कशाला?’ हा वकिलांचा लाडका प्रश्न. माझाही तोच आहे! फुटपाथवर वीजपेटी आहे, शोरूमने गाड्या चढवायला ओतलेला सिमेंटचा उतार आहे, वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू आहेत, हॉटेलच्या खुर्च्या आहेत, आडव्या लावलेल्या मोटारी आहेत. जिथे यातलं काही नाही, तिथे दर मार्चमध्ये निधी संपवायला उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावरून चालून दाखवणाऱ्याला सर्कशीत नोकरी मिळेल. कर भरणाऱ्या माणसाला हाताला धरून रस्त्यावर उतरवायचं, मागून गाडी आली की त्यालाच विचारायचं, तू इथे कसा? आणि हे विचारताना कोणाच्या कपाळावर आठी नाही, आवाजात कंप नाही. लाज वाटायला आधी फुटपाथ असावा लागतो, असं काहीतरी असणार.

दाव्यात जाब देणारे बहुधा तीनच असतात : चालक, मालक, विमा कंपनी. एका जखमीच्या मुलाने विचारलं, ‘वकीलसाहेब, फुटपाथ गिळणाऱ्याला चौथा करायचा का?’ वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘करू की. पण मग दाव्यावर तुझ्या मुलाचंही नाव आत्ताच घालून ठेव, निकाल घ्यायला कोणीतरी हवं.’