पांढरं पान

डोंबिवलीची लोकल मुंब्र्याजवळ रखडली तर फलाटावरची बाई निदान ‘तांत्रिक बिघाड’ एवढं तरी सांगते. आमच्या सोसायटीच्या देखभालखर्च भरायच्या साइटला तेवढीही जनाची लाज नाही. बटण दाबलं की पांढरंशुभ्र पान! सर्व्हरला विचारावं तर तो म्हणतो २००, म्हणजे सगळं आलबेल.

साइट पीएचपीतली; लाइव्ह साइटवर ‘डिस्प्ले एरर्स’ बंद ठेवतात ते बरोबरच. घरातली भांडणं चव्हाट्यावर कशाला? पण एरर लॉगमध्ये तरी नोंद हवी की नाही? लॉग कोरा. शेवटी रात्री दीडला सापडलं: कुणा शहाण्याने कॅच ब्लॉक रिकामा ठेवून चूक परस्पर पुरली होती. (प्रेतयात्रासुद्धा नाही.)

हे शहाणे सध्या ठाण्यात दुसऱ्या कंपनीत सीनियर आहेत.