पोरगं लांब जाणार!

पनवेलच्या वडाळे तलावाला संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक वजन उतरावं म्हणून चालतो, दुसरा फेऱ्या संपल्यावर कट्ट्यावर बसता यावं म्हणून. आमचा पारखी दुसऱ्या पंथाचा. वय पन्नाशीच्या पुढे, पायात पांढरे बूट, हातात मोबाइल आणि मोबाइलवर मिसरूड न फुटलेलं कुणीतरी पोरगं फटके मारतंय. पारखी तो फटका तीनदा बघतो, चौथ्यांदा बोटाने चित्र थांबवतो, पोराच्या डाव्या कोपराकडे वैद्याने नाडीकडे बघावं तसं बघतो आणि निकाल देतो, "पोरगं लांब जाणार. लिहून ठेवा!"

कोपरात काय दिसलं, हे विचारायचं नसतं. विचारलंत तर चहा तुमच्या नावावर. तसा तो तुमच्याच नावावर असतो म्हणा.

पोरगं निवडताना पारखी आधी आडनाव बघतो. २०२५च्या एप्रिलमध्ये आयपीएल चालू असताना ऋतुराज गायकवाडचं कोपर दुखावलं आणि चेन्नईने त्याच्या जागी आयुष म्हात्रेला घेतलं, तेव्हा आमच्याकडे जो जल्लोष झाला तो चेन्नईतही झाला नसेल. पनवेल-उरण पट्ट्यात दगड भिरकावला तर तो बहुधा म्हात्र्यांच्याच अंगणात पडतो. मुलगा विरारकडचा, असं कुणीतरी भीत भीत सुचवलं. "राहायला असंल विरारला," पारखी म्हणाला, "पण मूळ इकडचंच. म्हात्रे काय विरारला उगवतात होय?" दुसऱ्या दिवशी त्याच्या मेहुण्याच्या साडूकडून नातंही लागलं.

२० एप्रिलला हा मुलगा वानखेडेवर उतरला तो आपल्याच मुंबईविरुद्ध. पनवेलच्या निष्ठेचे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती. पण पोराने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या, नंतर रोहित आणि सूर्याने मुंबईला नऊ गडी राखून जिंकून दिलं, आणि घराघरांत दोन्ही बाजूंनी पेढे वाटायची सोय झाली. इतकी समजूतदार मॅच मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

तीन मेच्या रात्री बंगळुरूमध्ये त्याने भुवनेश्वर कुमारच्या एका षटकात पाच चौकार आणि एक षटकार मारला. भुवनेश्वर भारताकडून खेळायला लागला तेव्हा हे पोरगं साडेपाच वर्षांचं होतं. ४८ चेंडूंत ९४ करून तो बाद झाला, आणि चेन्नई दोन धावांनी हरली. इथे कट्ट्यावरचा दुसरा इसम पुढे सरकतो. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो. शिमग्यातला शंकासुर वर्षातून एकदा येतो, हा रोज येतो.

"शतक सहा धावांनी हुकलं ना? तिथेच स्वभाव कळला," शंकासुर म्हणाला. शंकासुराकडे दाखल्यांचं गाठोडं तयार असतं. विनोद कांबळी! १९९३मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७. पुढे काय? सतरा कसोटी आणि ५४ची सरासरी, संपलं. पृथ्वी शॉ! शाळेत असताना एका डावात ५४६, २०१८मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४, आणि २०२४च्या आयपीएल लिलावात कुणी बोलीसुद्धा लावली नाही. "आता बोला!"

पारखी बोलतो. तो गप्प बसल्याची नोंद नाही. पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे क्रिकेटच्या नकाशावर आम्ही पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेचे. मन मात्र हार्बर लोकल धरून वानखेडेला गेलेलं. २०२५मध्ये शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला, तेव्हा पारख्याने जाहीर केलं, "आता तो आपल्या घरी आला. आता बघा." ऑक्टोबरमध्ये शॉने रणजीत चंडीगडविरुद्ध २२२ काढले, तेव्हा पारखी तलावाला चार फेऱ्या जास्त मारून आला. वाटेत जो भेटेल त्याला तो आकडा सांगायचा होता.

पण पारख्याचा खरा विजय पुढच्याच महिन्यातला. अमोल मुझुमदार. १९९४मध्ये रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६०, तेव्हाच पारख्याने (तेव्हा त्याला केस होते) सांगून टाकलं होतं की हा भारताचं नाव काढणार. अमोल ढिगाने धावा करून निवृत्त झाला, भारताची टोपी काही मिळाली नाही. शंकासुराने हा दाखला तीस वर्षं वापरला. मग २ नोव्हेंबर २०२५ची रात्र आली. आमच्यापासून काही स्टेशनांवर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि मैदानावर डोळे पुसत उभा होता त्यांचा प्रशिक्षक, अमोल मुझुमदार. पारख्याने शंकासुराला मध्यरात्री फोन लावला. "काढलं का नाव?" एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. एकतीस वर्षांनी वटलेली हुंडी, पण वटली!

यात गंमत अशी, की हिशेब मांडला तर शंकासुरच जास्त वेळा बरोबर निघतो. शंभर पोरांतली नव्व्याण्णव लांब जात नाहीत, त्यामुळे 'नाही' म्हणणाऱ्याला अक्कल लागत नाही, नुसता धीर लागतो. तरी शंकासुर आला नाही तर कट्टा चालतो, आणि पारखी पुण्याला लेकीकडे गेला की लोक अर्ध्या तासात घरी जातात.

त्रास आहे तो वेगळाच. पारखी टीव्हीतल्या पोरांवर थांबत नाही. रात्री दिव्यांखाली टेनिस बॉलचे सामने होतात, मालिकावीराला मोटरसायकल मिळते, तिथेही तो खुर्ची टाकून बसतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या अकरा वर्षांच्या पोराने एक सिक्स मारला की बापाच्या खांद्यावर हात पडतो, "याला सीझन बॉलवर घाला हो." पारखी जेवून झोपतो. बाप रात्रभर जागा. महिन्याभराने पहाटेच्या लोकलमध्ये पोराएवढी किटबॅग दोन सीटच्या मध्ये आडवी, तिच्यावर डोकं टेकून झोपलेलं पोर आणि डब्यातला उपमा सांभाळत बसलेली आई दिसते. बरं, गाडी पनवेलहूनच सुटते म्हणून निदान बसायला तरी मिळतं. कल्याणच्या प्रणव धनावडेने २०१६मध्ये पंधराव्या वर्षी एका डावात नाबाद १००९ केल्या, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातल्या पारख्यांनी त्याच्या बापाच्या खांद्यावर असेच हात ठेवले होते. हात उचलून नेताना कुणी आवाज केला नाही. इथे मात्र माझं मत पारख्याच्या विरुद्ध आहे. आयुष म्हात्रेला तुमचं भाकीत ऐकू जात नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये जातं.

तुमच्या चौकात असा पारखी असेल तर त्याच्याशी वाद घालू नका. खिशात छोटी वही ठेवा. "लिहून ठेवा" म्हणाला की खरोखर लिहा, पोराचं नाव, तारीख, सगळं; आणि पेन पुढे करून म्हणा, खाली एक सही द्या. आमच्याकडे हा प्रयोग एकदा झाला. पारख्याने घड्याळ बघितलं, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि निघून गेला.