तळे राखील तो गाळ उपसील

बागेत चार कमळे, सहा मासे आणि एक कारंजे बाळगणाऱ्या समस्त तळेधारकांच्या कल्याणार्थ पुढील पंपशुद्धिविधी प्रसिद्ध करीत आहोत.

मुहूर्त : कारंज्याची धार पुरुषभर उंचीवरून गुडघ्यावर आली, की मुहूर्त लागला. त्यानंतर पंधरा दिवस ‘व्होल्टेज कमी असेल’ असे म्हणत राहण्याची प्रथा आहे. ती ऐच्छिक आहे.

साहित्य : दोन बादल्या, निवृत्त टूथब्रश, थोडे व्हिनेगर. साबण, फिनेल आणि ‘बाजूला व्हा, मी करतो’ म्हणणारे पाहुणे यांना तळ्याजवळ येऊ देऊ नये.

विधी : प्रथम प्लग काढावा. बटण बंद करणे म्हणजे प्लग काढणे नव्हे, आणि हा फरक पाण्यात हात घातल्यावर शिकू नये. या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. पंप वायरला धरून उपसू नये. ताण बसून वायरच्या तोंडाचे सील सैल होते, मग पाणी मोटरीच्या आत शिरते.

आता फिल्टरचा स्पंज. तो तपकिरी, बुळबुळीत आणि किळसवाणा असेल. अभिनंदन, तो जिवंत आहे! माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू तिथेच बिऱ्हाड करून असतात. नायट्रेट कमळे खातात. म्हणून बादलीत तळ्याचेच पाणी घेऊन स्पंज त्यात दोन-चारदा पिळावा आणि थांबावे. इथेच बहुतेक सुगृहिणी व सुगृहस्थ घसरतात. दिवाळीच्या उत्साहाने स्पंज नळाखाली धरून शुभ्र करतात. नळातले क्लोरीन जिवाणूंना मारते, नवी वस्ती बसायला चार-सहा आठवडे जातात, आणि तोवर पाणी आरशासारखे लख्ख व मासे पोट वर करून, असे दृश्य लाभू शकते. स्पंज दोन असतील तर एक आज, दुसरा पंधरवड्याने. धुतलेला स्पंज उन्हात वाळत घालू नये; तो लोकरी स्वेटर नाही.

मग पंपाची जाळी काढून आतले चुंबकाचे चक्र, म्हणजे इंपेलर, बाहेर घ्यावे. त्याभोवती शेवाळ, केस आणि निर्माल्याचा दोरा सापडेल. दोरा कोणी टाकला याची चौकशी निष्फळ ठरते. बोअरवेलच्या पाण्याचा पांढरा थर असल्यास चक्र व्हिनेगरात भिजवावे, ब्रशने घासावे, स्वच्छ धुवावे. परत ठेवताना पंप तळाच्या गाळात नको, विटेवर बसवावा. बादलीतले काळे पाणी जास्वंदीला घालावे. ती तक्रार करीत नाही.

निषेध : दोन-तीन मिनिटांत संपेल त्याहून अधिक खाद्य टाकू नये. प्रत्यक्षात सकाळी आजोबा, दुपारी मुले आणि संध्याकाळी वॉचमन, प्रत्येक जण मासे कालपासून उपाशी आहेत अशा समजुतीने मुरमुरे उधळतो. ते कुजतात आणि त्या सर्वांच्या भूतदयेचा भार एकटा स्पंज वाहतो.

तेव्हा तळ्याकाठी एकच पाटी लावा : ‘जो खाऊ घालील, त्याने फिल्टर धुवावा.’ निम्मा गाळ त्या दिवसापासून कमी होईल.